आप्पांचे नमस्कार

चिनू,

परवा योगाच्या क्लासहून येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, तिथे सगळे दिवे मंद करून, डोळे मिटून ॐ म्हणतात. तू आंघोळ झाली की घाईघाईत काहीतरी पुटपुटतोस. तुझं ते मेडिटेशन आहे की नुसती सवय?" तेवढ्यात सिग्नल सुटला म्हणून वाचलो. पण झोंबलं.

आमच्या घरी मेडिटेशन कुणीच करत नव्हतं. आप्पा सूर्यनमस्कार घालायचे. ते औंध संस्थानातले. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळेतल्या पोरांना नमस्कार घालायला लावले, तेही मंत्रांसकट. ते आप्पांच्या अंगात मुरलं ते कायमचं.

पहाटे पडवीत पंचा लावून उभे राहायचे. "ॐ ह्रां मित्राय नमः", की खाली. "ॐ ह्रीं रवये नमः", की खाली. शहाबादी फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटत आणि पुढच्या नमस्काराला हात बरोबर त्याच ठशांवर पडत. सूर्याची नावं बारा, पण त्यांच्याआधीची 'ह्रां', 'ह्रीं' अशी बीजाक्षरं सहाच, म्हणून ती दोनदा फिरतात. पहिल्यांदा 'ह्रः' आलं की अर्धं आवर्तन झालं, एवढं मी गोधडीतून ओळखायचो. मध्येच त्याच सुरात, "ॐ ह्रौं खगाय नमः, अगं, दूध उतू चाललंय!"

याला ध्यान म्हणायचं का? पतंजलींनी जप अर्थ मनात धरून करायला सांगितलाय. आप्पांच्या मनात दूध होतं. तरी नमस्कार आटोपून ते टेकले, की माईसुद्धा घटकाभर त्यांच्याशी बोलत नसे.

2001 मध्ये इटलीत डॉक्टरांनी तपासलं होतं : जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणा नाहीतर 'ॐ मणि पद्मे हुं', श्वास संथ होत मिनिटाला सहाच्या आसपास येतो. वाचून बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. आप्पांना सर्टिफिकेट कशाला हवं?

आणि हे सगळ्या मराठी घरांत चालायचं असंही समजू नकोस. शेजारी वारकरी होते, त्यांच्याकडे संध्याकाळी हरिपाठ. मला तोच जास्त आवडायचा, टाळ असायचे ना!

माझं पुटपुटणं बहुतेक सवयच असेल. पण ज्या दिवशी राहून जातं, त्या दिवशी मी तुझ्यावर जास्त खेकसतो असं तुझी आईच म्हणते.

क्लासच्या बाई "तुला तर येतच असेल" म्हणून तुला पुढे उभं करतात, ते आवडत नसेल तर त्यांना सरळ सांग. बारा नावं हवी असतील तर माग. मी आपणहून पाठवणार नाही. आत्यानं पाठवली तर मी जबाबदार नाही.

तुझा,
बाबा