तळघरातले पाणी आणि बुडालेला पंप

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याला दगड-मातीच्या भिंतींचे तळघर असून श्रावण-भाद्रपदात त्यात गुडघाभर पाणी साचते. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा मोनोब्लॉक लावून एका रात्रीत सारे पाणी उपसले, तर एका भिंतीने पोट काढले. आता मुलगा म्हणतो की शेतातल्या बोअरचा जुना सबमर्सिबल तळघरात सोडू. तो चालेल काय?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : बोअरचा पंप चालणार नाही. तो खोलवरचे स्वच्छ पाणी उंच चढवण्यासाठी केलेला असतो. त्याची लांबट मोटार अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे गुडघाभर पाण्यात ती उघडी पडून जळेल आणि गाळाने आतली चाके झिजतील ते वेगळेच.

परंतु पंपाआधी भिंतीकडे पाहावे. आपल्या भागातली खोल काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि भिंतीला बाहेरून रेटते. तळघरात साचलेले पाणी हा रेटा आतून तोलून धरत होते. ते एका रात्रीत काढल्यामुळे भिंत एकटी पडली. म्हणून एकदा भरलेले तळघर दररोज साधारण एक तृतीयांश एवढेच रिकामे करावे, पातळीची खूण भिंतीवर करावी आणि सकाळी पाणी पुन्हा खुणेच्या वर आलेले दिसले, तर उपसा थांबवून बाहेरची माती निथळू द्यावी. पोट काढलेल्या भिंतीला आधी टेकू देऊन ती जाणकार अभियंत्याला दाखवावी.

तळघरासाठी मिळणारा, खड्ड्यात ठेवायचा सम्प पंप आखूड, डब्यासारखा असतो. जमिनीच्या सर्वांत सखल कोपऱ्यात सुमारे दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून, भोवती गिट्टी भरून, भिंतीच्या पायथ्याची नाली ढाळ देऊन त्यात सोडावी. खड्ड्यात पाणी चढले की दोरीसारख्या वायरला बांधलेला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा खटका) उचलला जातो व मोटार सुरू होते. पाणी उतरले की फ्लोट खाली लोंबतो व ती बंद पडते. या दोन पातळ्यांत वीतभर तरी अंतर असावे, नाहीतर मोटार दर मिनिटाला चालू-बंद होऊन लवकर निकामी होते. म्हणजे पंप तळघर कोरडे करत नाही, तो पाण्याला फरशीपर्यंत चढू देत नाही. भिंतीतली ओल त्याने जाणार नाही.

किती ताकदीचा पंप घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी खड्ड्याला विचारावे. दोन फूट चौरस खड्ड्यात दहा मिनिटांत पाणी एक फूट चढले, तर ते सुमारे 113 लिटर, म्हणजे मिनिटाला अकरा-साडेअकरा लिटर झाले. एवढ्याला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरून उरतो. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे आपल्या भागातल्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातल्या, पाण्याने बिडाचे भाग लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या प्लास्टिकच्या खोळीचा पंप निवडावा. पाइपावर एनआरव्ही (पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा, म्हणजे पंप थांबताच पाइपातले पाणी परत खड्ड्यात पडत नाही. पाइपाचे तोंड वाड्यापासून दहा-बारा फूट दूर, उतारावर काढावे. पायाशीच सोडलेले पाणी काळ्या मातीच्या भेगांतून पुन्हा तळघरातच येईल. छपराच्या पागोळ्याही पन्हळ लावून दूर नेल्या, तर पंपाचे अर्धे काम वाचते.

अर्थिंग आणि 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) यांत काटकसर नको, आणि वीज चालू असताना साचलेल्या पाण्यात कोणीही उतरू नये. मुसळधार पावसात नेमकी लाइन जाते, आणि मोटार चालू होतानाचा झटका घरचा लहान इन्व्हर्टर बहुधा झेलत नाही. म्हणून इन्व्हर्टर मोटारीसाठीच मोजून घ्यावा, नाहीतर बादली-दोर हाताशी ठेवावा. मृगाआधी खड्डा पाण्याने भरून फ्लोट उचलतो की नाही, तेवढे तपासून ठेवावे.