वाचक विचारतात : सुपीरियरच्या कड्यावरची बत्ती

प्रश्न : अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठी 'स्प्लिट रॉक' नावाचं जुनं दीपगृह आहे म्हणतात. तळ्याला दीपगृह कशाला?
– एक वाचक, नाशिक

तळं म्हणून सोडून देऊ नका. सुपीरियरचा विस्तार सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जास्त. सर्वांत खोल जागी पाणी ४०६ मीटर. त्यातून लोहखनिजाची जहाजं ये-जा करतात. मिनेसोटा राज्यातल्या त्या किनाऱ्याला तर खडकांतल्या लोखंडामुळे होकायंत्राची सुईसुद्धा भरवशाची नाही. २८ नोव्हेंबर १९०५च्या वादळात २९ जहाजांना तडाखा बसला. त्यांतलं 'विल्यम एडनबॉर्न' आणि त्याने ओढत आणलेलं 'मदीरा', दोन्ही स्प्लिट रॉकच्या आसपासच किनाऱ्यावर आपटली. मग जहाजकंपन्यांनी तगादा लावला आणि १९०७ मध्ये अमेरिकी संसदेने ७५,००० डॉलर मंजूर केले.

अभियंता राल्फ टिंकहॅम. जागा सुमारे ४० मीटर उंच सरळ कडा, आणि रस्ता नाही. रस्ता १९२४ साली आला. त्यामुळे वीट, सिमेंट, पोलाद सगळं बोटीने आणून वाफेच्या यारीने वर ओढावं लागलं. अष्टकोनी मनोरा जेमतेम साडेसोळा मीटरचा आहे. उंचीचं काम कड्यानेच केलंय. ३१ जुलै १९१० रोजी बत्ती पेटली.

प्रश्न : वीज नसताना दिवा फिरायचा कसा?
– एक वाचक, सांगली

आधी एक दुरुस्ती. दिवा फिरत नाही, त्याच्याभोवतीचं भिंग फिरतं. इथलं भिंग पॅरिसमध्ये घडवलेलं, शिंपल्याच्या दोन शकलांसारखं दोन बाजूंचं. वीस सेकंदांत एक फेरा, म्हणून जहाजावरून दर दहा सेकंदांनी एक झळक दिसायची. कप्तान घड्याळ लावून मोजायचा आणि 'हे स्प्लिट रॉक' असं ओळखायचा. प्रकाश कमी पडला तर एकवेळ चालेल, ठेका चुकून चालत नाही. बारा सेकंद झाले की तो दुसरंच दीपगृह समजायचा.

म्हणून भिंग पाऱ्याने भरलेल्या गोल कुंडात तरंगत ठेवलेलं असतं. घर्षण इतकं कमी, की बोटाने ढकललं तरी ते हलतं. फिरवायला भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळासारखी यंत्रणा : मनोऱ्यात वजन टांगलेलं, ते हळूहळू खाली येतं आणि चाकं फिरतात. दर दोन तासांनी हँडल मारून ते वर घ्यायचं, रात्रभर.

अशा यंत्रणेत बिघाड बहुधा पाऱ्यातच. धूळ बसून वर साय धरली की भिंग जड चालतं, म्हणून पारा मऊ चामड्यातून गाळतात. कुंड पाणसळीत नसेल तर कड घासते. आणि पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून खोलीत वारा खेळता लागतो.

ज्योत मात्र आपल्या ओळखीची. दाब दिलेलं रॉकेल तापून त्याची वाफ होते आणि ती मॅन्टलवर जळते. थोडक्यात, मोठी पेट्रोमॅक्स. दुखणीही तीच : काजळीने भोक तुंबलं की पिन मारायची, मॅन्टल नुसत्या धक्क्याने ढासळतं. दिवसा खिडक्यांना पडदे लावणं सक्तीचं. नाहीतर हेच भिंग ऊन गोळा करून आतच आग लावेल.

१९४० मध्ये वीज आली आणि १,००० वॉटचा बल्ब लागला.

प्रश्न : मुलगी मिनिआपोलिसला असते. हे दीपगृह पाहता येतं का?
– एक वाचक, पुणे

येतं. रडार वगैरे आल्यावर १९६९ मध्ये ते बंद झालं; आता मिनेसोटाची इतिहाससंस्था ते सांभाळते. मिनेसोटातल्याच दुलुथ शहरापासून हायवे ६१ने साधारण ७५ किलोमीटर. नोव्हेंबरात जायचं तर १० तारीख गाठा. १९७५ साली त्या दिवशी 'एडमंड फिट्झजेरल्ड' हे जहाज २९ जणांसह सुपीरियरमध्ये बुडालं. संध्याकाळी त्यांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा टोल देतात, मग बत्ती लावतात आणि अंधारात पेटत्या बत्तीजवळ वर चढू देतात. लोकरीचे मोजे न्यायला मात्र विसरू नका, कड्यावरचा वारा बोचरा असतो.