रशियनमध्ये 'चाया' की 'चायु'? 'ल्येस्ये' की 'ल्येसू'? दोन रूपं दिली असतील तर कुठलं कधी वापरायचं?

तुम्ही विचारलंय की पुस्तकात चहाच्या षष्ठीला 'चाया' आणि 'चायु', जंगलाच्या सप्तमीला 'ल्येस्ये' आणि 'ल्येसू', कराराच्या अनेकवचनाला 'दगवोरी' आणि 'दगवरा' अशी जोडरूपं आहेत, मग निवडायचं कसं.

'चायु' दिसलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. या एका 'यु'पायी १९९५ साली पुण्यात डिप्लोमाच्या परीक्षेत माझा अर्धा गुण गेलाय. मी लिहिलं होतं 'स्ताकान चायु', म्हणजे ग्लासभर चहा. सरांनी लाल पेनाने 'यु' खोडला, वर 'या' केला आणि समासात शेरा मारला, 'ही चतुर्थी'. दिसायला चतुर्थीच, कबूल. 'क चायु' म्हणजे चहाबरोबर खायला काहीतरी, ती खरीखुरी चतुर्थी. पण चहा किती, हे सांगताना येणारा 'चायु' षष्ठीचाच. मी ग्रंथालयातलं मॉस्कोत छापलेलं जाडजूड व्याकरण काखेत मारून गेलो. सर म्हणाले, "ते मॉस्कोत. इथे पाठ्यपुस्तकातलं लिहायचं." वर्ग हसला. तो अर्धा गुण काही मिळाला नाही.

दोन वर्षांनी रशियातल्या वरोनेझ शहरात गेलो. फेब्रुवारी, बाहेर उणे १८. हॉस्टेलच्या दाराशी काचेआड चाव्या सांभाळत बसणाऱ्या बाईंनी पहिल्याच रात्री विचारलं, "चायकू?" मला 'चायका' पाठ होतं, चायका म्हणजे कुरव पक्षी. मी अदबीने म्हणालो, "नाही, मी पाहिला नाही." बाई इतक्या हसल्या की विणकामाची सुई खाली पडली. मग त्यांनी काचेच्या बरणीतल्या पाण्यात कॉइल सोडली, पैलू पाडलेल्या जाड ग्लासात काळाकुट्ट चहा ओतला आणि बशीत चेरीचा मुरंबा दिला. 'चाय'चं लाडकं रूप 'चायोक', आणि 'घेणार का घोटभर' म्हणताना त्याचं होतं 'चायकू'. पुस्तकात हे असतं, पण तळटिपेत.

मला वाटलं, साक्षीदार मिळाला. विचारलं, 'स्ताकान चायु' बरोबर की 'स्ताकान चाया'? बाई एकदम फळ्यासमोर उभं केल्यासारख्या सावरून बसल्या. म्हणाल्या, "बरोबर 'चाया'. 'चायु' आपलं बोलण्यात." माझा साक्षीदार भर कोर्टात फितूर. आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याच बाई ग्लासाकडे बघून म्हणतात, "आणखी चायु ओतू?"

तर तुमचं उत्तर. हा 'यु' किंवा 'उ' मोजक्या पुल्लिंगी नामांनाच लागतो, बहुतेक ओतायच्या, मोजायच्या वस्तूंना: चाय, साखर (हो, रशियनातही जवळजवळ साखरच), म्योद म्हणजे मध, सिर म्हणजे चीज. नारोद म्हणजे लोक, त्यालाही. 'म्नोगा नारोदु', खूप गर्दी. पाव या यादीत नाही, 'ख्लेबु' फक्त चतुर्थी. 'थोडा', 'ग्लासभर', 'किलोभर' असा अर्थ असेल तरच हे रूप. चहाची चव, चहाचा रंग, चहाची किंमत म्हणायचं असेल तर 'चाया'च, तिथे 'चायु' साफ चूक. मध्ये विशेषण आलं की साधारणपणे 'चाया'कडे वळतात: 'स्ताकान क्रेप्कवा चाया', ग्लासभर कडक चहा. काही ठिकाणी मात्र 'उ' दगडात कोरलेला आहे. 'नि शागु', एक पाऊलही नाही. तिथे 'शागा' चालत नाही.

आजी 'नाशकात' म्हणायची, माझी मुलगी 'नाशिकमध्ये' म्हणते. 'चायु'चं थोडंफार तसंच होतंय.

'ल्येसू'चं प्रकरण वेगळं आहे, त्यात निवड नाहीच. 'व' (आत) किंवा 'ना' (वर) हे शब्द आधी लावून जागा सांगायची असेल तर 'व ल्येसू', जंगलात. जंगलाविषयी बोलायचं तर 'अ ल्येस्ये'. मराठीत 'घरी' फक्त जागेला चालतं, 'घरीविषयी' कोणी म्हणत नाही, तसंच समजा. 'व सादू' बागेत, 'व क्रिमू' क्रिमियात, आणि रस्तोव-ना-दनू हे शहर तर नावातच हे रूप घेऊन बसलंय. चेखवचं 'चेरीची बाग' नाटक घ्या: खऱ्या चेरीच्या बागेत उभे असाल तर 'सादू', त्या नाटकात काम करत असाल तर 'सादे'. हे इथे चुकलं तर सरांनी गुण कापावेत, मी त्यांच्या बाजूने.

अनेकवचनाचं थोडक्यात: लिहिताना 'दगवोरी', ऑफिसात कानावर 'दगवरा' पडेल, आपण परक्यांनी ते उचलू नये. काही जोड्यांत अर्थच बदलतो, 'त्स्वेती' फुलं आणि 'त्स्वेता' रंग. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात.

बाकी परीक्षा देणार असाल तर निमूटपणे 'स्ताकान चाया' लिहा, ते सगळीकडे बरोबरच आहे. सरांचा सल्ला चुकीचा नव्हता, शेरा चुकीचा होता. 'चायु' लिहूनही कोणी 'ही चतुर्थी' म्हणालं, तर त्यांना विचारा की मग 'म्नोगा नारोदु'मध्ये कोणाला काय दिलंय.

आणि हो, आघात सांभाळा. 'चायु'त तो पहिल्या अक्षरावर, 'ल्येसू'त शेवटच्या. 'चायकू'तही शेवटच्याच, नाहीतर पक्षी मागवाल.