बोट हलू दे

प्रिय डॉक्टर,

तुझे फोटो पाहिले. पॉवरप्रेसमध्ये अनामिकेचं मुळाकडचं पेर मोडलेला मुलगा, तू बसवलेली प्लेट, 6 आठवड्यांनी हाड जागच्या जागी आणि मूठ मात्र मिटत नाही. ‘सर, फिक्सेशनमध्ये काय चुकलं?’ असं विचारतोस. फिक्सेशन, म्हणजे हाड पक्कं धरणं, उत्तम आहे. पहिले 3 आठवडे ते बोट कुणी हलवलं, हे मात्र तू लिहिलंच नाहीस.

अरे, या पेराच्या पाठीवर एक्स्टेन्सर टेंडन, म्हणजे बोट सरळ करणारी स्नायूची दोरी, अगदी हाडाला लागून पसरलेला असतो, मध्ये जागाच नाही. हाड मोडलं, रक्त साकळलं, त्यात तुझी चीर आणि वर प्लेट. टेंडन चिकटेल नाही तर काय? हाड आपण पक्कं करतो ते बोट लगेच हलवता यावं म्हणून. प्लेटवर पुन्हा 4 आठवडे प्लास्टरचा स्लॅबच ठेवायचा होता, तर दोन के-वायर, कातडीतून घालायच्या बारीक तारा, पुरल्या असत्या, चीर तरी वाचली असती. डॉ. बी. बी. जोशींनी मुंबईत ‘जेस’ ही हाताबाहेरून बसवायची चौकट घडवली. चिरडलेल्या हातातही ती हाड बाहेरून धरून ठेवते आणि बाकीची बोटं मोकळी राहतात. बोट हलू दे!

रागावलोय, पण सगळा राग तुझ्यावर नाही. आपल्याकडे ऑपरेशनच्या नोंदीत स्क्रूची लांबी लिहितात, सांधा किती अंश वाकतो ते कुणी लिहीत नाही. हातासाठी वेगळा फिजिओथेरपिस्ट मी निवृत्त होईपर्यंत मागितला. मिळाला नाही, ही खंत जात नाही. मग मीच ओपीडीत पेशंटची बोटं हातात घेऊन बसायचो. सर्जनने हे कशाला करायचं, असं लोक म्हणत. सर्जननेच करायचं! कामगारांचा रोज बुडवून मी त्यांना आठवड्यातून दोनदा बोलवायचो, तेही काहींना निष्ठुर वाटायचं. पण मूठ न वळणाऱ्या माणसाला प्रेसवर परत कोण घेतं? आजही मी तसंच बोलावलं असतं.

पुढच्या वेळी टाके घालण्याआधी टेबलावरच बोट मिटवून बघ. शेजारच्या बोटावर चढतंय का? पिळलेलं हाड एक्स-रेत सहज लपतं. स्प्लिंटमध्ये मुळाचा सांधा 70 ते 90 अंश वाकलेला आणि पुढचे दोन्ही सरळ ठेव. सरळ पट्टीला बांधलेलं बोट पाहिलं की माझं डोकं फिरतं. मुळाच्या सांध्याचे लिगामेंट त्या स्थितीत आखडतात. फिक्सेशन भक्कम असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बोट हलू दे. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसायला महिने लागतात, तोवर थांबायचं नाही.

या मुलाला उद्याच बोलाव. बोट तो स्वतः किती वाकवतो, किती सरळ करतो आणि तू केलंस तर किती होतं, सगळं गोनिओमीटरने, सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने, मोज. फरक असेल तर टेंडन अडकलाय. नसेल तर सांधाही तपास. मुळाचा सांधा धरून मधला वाकवायचा व्यायाम तासातासाला करायला लाव. टेनोलिसिसचं, म्हणजे चिकटलेला टेंडन सोडवायच्या ऑपरेशनचं, नाव 3 महिन्यांआधी काढू नकोस. सूज उतरू दे, कातडी मऊ होऊ दे. आणि करायचीच वेळ आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं बोट हलवायला तू स्वतः वॉर्डात असशील, असाच दिवस यादीत धर.

तुझा,
सर