म्हाताऱ्या आई-वडिलांना आरव्हीत तीन रात्री राहणं जमेल का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये भारतातून आई-बाबा येतायत, सहा माणसं आहेत, मिनेसोटात एखाद्या तळ्याकाठच्या स्टेट पार्कात आरव्ही (आत पलंग, स्वयंपाकघर, संडास, शॉवर असलेली घरासारखी गाडी) घेऊन तीन रात्री राहायचंय. किती फुटी, म्हणजे किती लांब घ्यावी, हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का, आणि म्हाताऱ्या माणसांना जमेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझं दुखणं तिथेच आहे. म्हाताऱ्यांना जमतं, झकास जमतं. वाट लावतात ती आपल्या वयाची माणसं.

माझी आई मनमाडची. वागदर्डी धरण आटलं की मनमाडला नळाचं काय होतं ते नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री दोनला. आमच्या घरात पिंपं, हंडे, कळश्या तर भरलेल्या असायच्याच, पण पाणी आलं त्या दिवशी आई वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. अंघोळ अर्ध्या बादलीत. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं आणि ते संडासाला वापरायचं. अमेरिकेत आल्यावरही ती भांडी घासताना नळ करंगळीएवढाच सोडते. बायकोला ते फार दिवस विनोदी वाटायचं.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही इटास्का स्टेट पार्कला गेलो. मिनिआपोलिसहून साधारण २२० मैल, पार्क रॅपिड्स गाव सोडलं की आणखी २० मैल उत्तरेला. १८९१ सालचं पार्क, मिनेसोटातलं सगळ्यात जुनं, आणि मिसिसिपी नदीचा उगम तिथल्या तळ्यातून. मी, बायको, मुलगा, आई, मेहुणी आणि साडू. साडूचं म्हणणं होतं ३५ फुटी घे. मी ३० फुटी घेतली. हा वाद आमच्यात आजही चालू आहे, दर दिवाळीच्या फराळाला निघतो, आणि तुमच्या प्रश्नात ‘किती फुटी’ हे शब्द वाचले तेव्हाच मी ठरवलं की इथे लिहायचं.

बेअर पॉ कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळाली होती, तळं अगदी हाकेच्या अंतरावर. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण खाजगी आरव्ही पार्कची सवय असलेले लोक इथे फसतात. तिथे जागेवर वीज मिळते. पाण्याचा पाइप जोडायला मिळत नाही आणि सांडपाण्याचाही नाही. पिण्याचं पाणी येताना टाकीत भरून घ्यायचं आणि सांडपाणी गाडीच्या पोटातल्या टाक्यांमध्ये साठवायचं. दोन टाक्या असतात: संडासाची वेगळी, आणि अंघोळीची व सिंकची वेगळी. त्या भरल्या की डंप स्टेशनवर जाऊन रिकाम्या करायच्या. आमच्या गाडीत सिंक-अंघोळीची टाकी ३५ गॅलनची होती. गरम पाण्याची टाकी ६ गॅलनची.

पहिल्या संध्याकाळी पोचलो, चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी सपाट केली, वायर लावली, डास मारत मारत चहा झाला. साडू म्हणाला, अंगाला तो डासांचा स्प्रे चिकटतोय, मी जरा अंघोळ करून येतो. पार्कात शॉवरची वेगळी इमारत आहे, चालत दोन मिनिटांवर. पण गाडीला शॉवर आहे, पैसे दिलेत, मग वापरायचा नाही का? गेला. आतून गाण्याचा आवाज. मध्येच ओरडला, पाणी गार झालं! ६ गॅलनची टाकी, होणारच. यावर शहाणा माणूस नळ बंद करतो. साडू नळ चालू ठेवून पाणी परत गरम होण्याची वाट बघत उभा राहिला. मी बाहेर खुर्चीत बसून घड्याळ बघत होतो. सोळा मिनिटं. मिनिटाला दोन गॅलन धरा आणि हिशोब तुम्हीच करा.

रात्री तळ्यावरून लून पक्ष्याचं ओरडणं आलं. लांब, रडल्यासारखं. आई उठून बसली, म्हणाली, “टिटवी आहे का रे? वाईट असतं.” मी म्हटलं, अगं हा इथला राज्यपक्षी आहे. पण टिटवीचं खरं झालं.

सकाळी आईनेच पहिल्यांदा पाहिलं. “अरे, मोरी तुंबलीय.” शॉवरच्या तळात चार बोटं राखाडी पाणी, आणि त्यावर आदल्या रात्रीच्या फोडणीतल्या मोहऱ्या तरंगतायत. टाकी गळ्यापर्यंत भरली की सिंकचं पाणी खालून शॉवरमध्ये वर येतं, कारण शॉवरचं भोक सगळ्यात खाली असतं. साडू म्हणाला, ड्रेन चोकअप आहे, कंपनीला फोन लाव, गाडीच खराब दिलीय. फोनला रेंज येत-जात होती. मी भिंतीवरच्या पॅनेलचं बटण दाबून दाखवलं: सगळे दिवे लागलेले, टाकी फुल्ल. तर म्हणे, बघ, ३५ फुटी घेतली असती तर टाकी मोठी असती.

मग त्याने उपाय सुचवला. गाडीखालचा व्हॉल्व्ह जरा उघडू, बादलीत पाणी घेऊ आणि मागे झाडीत ओतू, साबणाचं तर पाणी आहे. सांडपाणी जमिनीवर सोडायला तिथे मनाई आहे हे मी सांगत होतो, पण माझं कोण ऐकतंय? आई पोळ्यांची कणीक मळत होती, तिने हात थांबवून विचारलं, “अहो, नदीच्या उगमाशी मोरीचं पाणी सोडणार तुम्ही? त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर सोडाल का?”

साडू गप्प झाला. (नाशिकपर्यंत येता येता आपण त्याच गोदावरीचं काय करतो हे मलाही त्या क्षणी आठवलं. बोललो नाही. आपल्या बाजूने चाललेला वाद कोण मोडतं?)

मग जे करायचं ते केलं. मांडलेला संसार आवरला, गॅसवरचा तवा उतरवला, गाडीची बाहेर सरकणारी बाजू (स्लाइड) आत घेतली, वायर काढली, ठोकळे काढले. आई मांडीवर लोणच्याची बरणी धरून सीटबेल्ट लावून बसली. डंप स्टेशनवर पुढे चार गाड्या. नंबर आल्यावर आधी संडासाची टाकी सोडायची, मग सिंकची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला, आणि पाइपचा जोड घट्ट बसलाय का ते स्वतः हलवून बघा, साडूच्या शब्दावर जाऊ नका. पाणी भरून परत येईपर्यंत दुपार.

त्या दुपारी आईने कारभार हातात घेतला. अंघोळी सगळ्यांच्या बाहेरच्या इमारतीत. ताटं आधी कागदाने पुसायची, मग तांब्याभर पाण्यात धुवायची. दात घासताना नळ बंद. भाजी धुतलेलं पाणी टोपात धरायचं आणि त्यात पहिल्या फेरीची भांडी काढायची. सहा माणसं, उरलेले दोन दिवस, आणि निघताना पॅनेलवर सांडपाण्याची टाकी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. मुलाने सत्तरी ओलांडलेल्या आजीला आरव्ही-गुरू म्हणायला सुरुवात केली. आता मला सांगा, ३० फूट कमी होते की साडू जास्त होता?

उगम बघितला तो तिसऱ्या दिवशी. जायलाच हवं असं ठिकाण आहे. तळ्याच्या टोकाला दगडांची एक ओळ, त्यावरून पाणी खळखळत उतरतं आणि ती मिसिसिपी. पाणी गुडघाभर, रुंदी आपल्या गावच्या ओढ्याएवढी. बाजूला खांबावर लिहिलंय की समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर सुरू होऊन ही नदी २,५५२ मैल वळणं घेत मेक्सिकोच्या आखाताला जाते. गंमत म्हणजे तिथून ती दक्षिणेला जातच नाही, आधी उत्तरेला बेमिजीकडे निघते आणि मग मोठा वळसा घेऊन खाली येते. साडूने लगेच माहिती दिली की हा काठ बनावट आहे, १९३० च्या दशकात माणसांनी दगड लावून तो असा केलाय. खरं आहे ते. पण म्हणून काय, कुशावर्ताचं कुंडही बांधलेलंच आहे की.

दगड निसरडे आहेत, वयस्कर माणसांना त्यावरून नेऊ नका. आईने साडी खोचली, नातवाचा हात धरला आणि सरळ पाण्यातून चालत मिसिसिपी ओलांडली. पलीकडे जाऊन तांब्यात थोडं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत नदीतच सोडलं. संध्याकाळी मनमाडला मावशीला फोन, “अगं, एवढी मोठी नदी, मी चालत गेले.”

उगमाजवळच्या माहिती केंद्राला मेरी गिब्ज या बाईंचं नाव आहे. १९०३ साली वडील वारल्यावर चोविसाव्या वर्षी पार्कचा कारभार त्यांच्याकडे आला. लाकूडतोड्या कंपन्यांनी ओंडके वाहून न्यायला बांध घालून पाणी तुंबवलं होतं, काठची झाडं बुडत होती. तो बांध उघडा म्हणून ही मुलगी बंदुकीसमोर उभी राहिली. मी ते आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “पाण्यावरून बाईलाच भांडावं लागतं.” आणि साडूकडे बघितलं. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

आता राहिलेले प्रश्न. ३० फुटी पुरते. जुन्या पार्कांमध्ये कितीतरी जागा आखूड आहेत, बुकिंग करताना त्या जागेची कमाल लांबी दिलेली असते ती बघा. आणि गाडी पाच फुटांनी लांब झाली म्हणून टाकी त्या मानाने मोठी होतेच असं नाही. बुकिंग १२० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, तळ्याकाठच्या जागा भराभर जातात. स्वस्त मात्र अजिबात नाही. भाडं, वर मैलाचे पैसे, जनरेटरचे तासाचे, विमा, आणि गॅलनला आठेक मैल चालणारी गाडी. आमचे ४५० मैल झाले, म्हणजे पंचावन्न-साठ गॅलन पेट्रोल. पार्क रॅपिड्सला मोटेलच्या दोन खोल्या नक्की कमी पैशांत झाल्या असत्या. पैसे वाचवायला जाणार असाल तर जाऊ नका.

जागेवरची वीज ३० अँपिअरची असेल तर एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट (विजेचा प्रेशर कुकर) एकदम लावू नका, ब्रेकर पडतो. जळणाचं लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच विकत घ्या, झाडं खाणारे किडे लाकडातून पसरतात. वरचा पलंग म्हाताऱ्यांना देऊ नका. पायऱ्यांजवळ रात्री दिवा ठेवा.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर साडू खाली कमेंटमध्ये येऊन लिहीलच. आईने पाण्याची काटकसर संडासातही केली. तिथे ती करायची नसते. त्या टाकीत पाणी कमी पडलं की मैला सुकून खालीच थिजतो आणि टाकी रिकामी होत नाही. पायाने दाबायचा खटका दर वेळी पाच-सात सेकंद दाबून धरायचा, हे मला आईला सांगायला संकोच वाटला, म्हणून मी सांगितलंच नाही. गाडी परत करताना कंपनीने सफाईचे पैसे कापले. चांगले घसघशीत. मी काउंटरवर वाद घातला, साडू मागे उभा राहून मिशीत हसत होता. ते बिल त्याने फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय.

तर आई-बाबांना जरूर न्या, पण हा खटका त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा, लाजू नका. आणि बरोबर कोणी साडू असेल तर शॉवरच्या दाराला स्वयंपाकघरातला टायमर चिकटवा. तीन मिनिटं पुरतात. सोळा लागत नाहीत. त्याचं म्हणणं बारा होती, पण घड्याळ माझ्या हातात होतं.