बागेत दुसरा कुत्रा दिसला की…

प्रश्न : आमचा लॅब्राडोर साडेतीन वर्षांचा, वजन 32 किलो. घरात अगदी गरीब गाय. पण लोकमान्य नगरच्या बागेत दुसरा कुत्रा दिसला की भुंकत, हिसके देत अंगावर जातो. रागावलो, पट्टा खेचून धरला, तरी वाढतंच चाललंय. काय करावं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पट्टा खेचल्यानंच वाढतंय. त्याच्या हिशेबात समोर कुत्रा आला की गळा आवळतो आणि घरचे ओरडतात. खापर त्या कुत्र्यावर. मोकळी कुत्री एकमेकांकडे वळसा घेऊन, बाजूनं येतात. आपण त्यांना अरुंद वाटेवर नाकासमोर आणतो.

आधी पशुवैद्याला दाखवा, विशेषतः हे अचानक सुरू झालं असेल तर. या जातीत खुबा आणि कोपराचं दुखणं नेहमीचं, कानही ठणकत असू शकतो. दुखऱ्या कुत्र्याला शिकवणी लागू पडत नाही.

गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. लांबत जाणारा, गुंडाळीचा नको. काटेरी किंवा आवळणारा पट्टा तर मुळीच नको. त्यानं गुरगुरणं दबतं, राग तसाच राहतो, आणि मग कुत्रा इशारा न देताच चावतो.

आता खरं काम : अंतर. दुसरा कुत्रा दिसतोय, पण आपला अजून खातोय, हाकेला मान वळवतोय, एवढं लांब उभं राहा. कुणाला 20 मीटर पुरतात, कुणाला 50. भुंकण्याची वाट पाहू नका. त्याआधी धापा टाकणारं तोंड पटकन मिटतं, कान पुढे येतात, शेपूट वर ताठ होऊन बारीक थरथरते (हे शेपूट हलवणं खुशीचं नव्हे), भार पुढच्या पायांवर येतो. तोंड मिटलं की तुम्ही फार जवळ आहात. मुकाट्यानं वळा आणि लांब जा.

त्या अंतरावर कुत्रा दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे एकामागून एक द्या. तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. बहुतेकांचं इथेच चुकतं : खाऊची पिशवी आधी खुळखुळते, कुत्रा नंतर येतो, आणि पिशवी हाच धोक्याचा इशारा ठरतो. (इंदुरात हाताशी शेव असतेच, पण मीठ-मसाल्याची ती आपल्यासाठी.) पाच-दहा मिनिटं पुरेत. कुत्रा पाहून तो आपणहून तुमच्या तोंडाकडे बघायला लागला, की दोन-तीन पावलं जवळ. हे महिनोनमहिने चालतं. एखाद्या दिवशी जुंपलीच, तर पुढचे दोन दिवस बाग नको. अंगातला ताण लगेच उतरत नाही. तोवर वास हुंगत फिरायला रिकामी गल्ली बरी.

मुसकं घालणार असाल तर जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता आणि पाणी पिता येतं. तोंड आवळणारं कापडी मुसकं इंदूरच्या मे महिन्यात जिवावर बेतेल. आठवडाभर घरीच, त्यात खाऊ ठेवून सवय लावा.

प्रश्न : ‘सोडून द्या, आपापसांत मिटवतील’ असं बागेतले लोक म्हणतात. आणि खरंच जुंपली तर?

उत्तर : सोडू नका. जुंपलीच तर हात तोंडाकडे किंवा गळ्याकडे न्यायचा नाही. माणसं तिथेच चावून घेतात. बादलीभर पाणी फेका किंवा मध्ये पुठ्ठा, फळी सरकवा. तेही जमलं नाही तर दोघांनी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून एकाच वेळी मागे ओढा. मात्र जबडा रुतलेला असताना ओढलं तर मांस फाटतं. दाताचं भोक वरून टाचणीएवढं दिसलं तरी आत कातडी सुटलेली असते, त्यामुळे त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसाला लागलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी जा. घरच्या कुत्र्याची लस झालेली असली, तरी ठरवू द्या डॉक्टरांनाच.