रीफरवाला नाही म्हणतोय? आधी त्याचं पोट कशावर चालतं ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीचा मी आठवलो. मिशिगनमधून शिकागोच्या देशी दुकानांना बोकडाचं मटण पाठवायचंय आणि रीफरवाला, म्हणजे थंड डब्याचा ट्रकवाला, नुसता टोलवतोय, हेच ना? तपासणीचा शिक्का, विमा वगैरे तुम्ही केलंच असेल.

मी एकाच कंपनीच्या आठ महिने विनवण्या केल्या. दर वाढवून दिला, दिवाळीला मिठाई पाठवली. शेवटी त्यांच्याच एका ड्रायव्हरने सांगितलं, त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच दुकानांना मटण पुरवतं. म्हणजे मी कोणाला पटवत होतो!

गुस्टावस स्विफ्टबद्दल तेव्हा वाचलं असतं तर हे आठ महिने वाचले असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडकडचा हा खाटीक १८७५ मध्ये शिकागोला आला. तेव्हा पूर्वेकडे जिवंत गुरं रेल्वेने जायची. जनावराचा साठेक टक्के भाग खाण्यात येत नाही, पण भाडं पूर्ण वजनाचं. वाटेत गुरं रोडावत, काही मरत. स्विफ्ट म्हणाला, इथेच कापू, मांस तेवढं पाठवू. रेल्वे कंपन्यांनी नकार दिला. त्यांचे पैसे गुरांच्या डब्यांत आणि गोठ्यांत अडकलेले, शिवाय वजन घटलं की भाडं घटणार. मग तो ग्रँड ट्रंक रेल्वेकडे गेला. कॅनडातून वळसा घालणारी लाईन, पण गुरांची वाहतूक जवळपास नाहीच. बुडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तयार झाले. डबे मात्र त्याने स्वतःच बांधून घेतले.

शीतडब्याचा शोध त्याने लावला असं लिहितात, ते चूक. डेट्रॉइटचा मांसव्यापारी हॅमंड आधीच बर्फाच्या डब्यातून मांस पाठवत होता. पण टांगलेलं मांस वळणावर झुलायचं आणि डबा कलंडायची भीती. स्विफ्टचा इंजिनियर अँड्र्यू चेसने बर्फ वर ठेवला, मांस खाली दाबून भरलं. गार हवा आपोआप खाली.

यावरून आठवलं: रीफर गारवा टिकवतो, कोमट मटण गार करत नाही. माझी एक अख्खी खेप अशीच गेली. आधी पूर्ण थंड करा, आणि वर हवेला फट ठेवा.

स्विफ्टला देव्हाऱ्यात बसवू नका हं. संगनमताच्या खटल्यात त्याची कंपनी १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टात हरली. आणि मी वकील नाही, करार कोणाला तरी दाखवा.

माझं काम झालं ते शिकागोहून चीज आणून रिकामा परतणाऱ्या एका ट्रकवाल्यामुळे. तुमच्या गावात असा माल कोण उतरवतो? सकाळी सहाला जाऊन मागच्या दारापाशी उभे राहा.